गांडूळ नावाची पदवी

चांगुणामावशीनं उभ्या आयुष्यात फार थोड्या माणसांना गांडूळ म्हटलं. ती पदवी तिच्याकडून सहजासहजी मिळत नसे. सख्ख्या जावयालाही तिनं ती दिली नाही. तो दर दिवाळीला साडी घेऊन यायचा, तरी नाही. "आवाज लय करतो," एवढंच म्हणायची. मला तर ती पहिल्या दिवसापासून 'फोर्टवाली' म्हणायची, कारण मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते आणि ही गोष्ट मी कुणी न विचारता सांगत असे.

आपण एखाद्याला गांडूळ म्हणतो ते त्याला कणा नाही म्हणून. मावशीला हे ऐकून खरोखर आश्चर्य वाटायचं. जमिनीखाली राहून, तोंडातून अवाक्षर न काढता, दुसऱ्याचं पीक वर आणतो तो गांडूळ, अशी तिची सरळ व्याख्या होती. बुलडोझरला कणा असतो, ती म्हणायची, त्यानं कुठं काय पिकवलंय ते मला दाखवा.

मी गिरगावातून भाईंदरला, गोडदेव गावात राहायला आले तेव्हा पस्तिशीची होते आणि माझ्या मते अतिशय सुसंस्कृत होते. एखादं संस्थान सोडून खेड्यात आल्यासारखा माझा चेहरा असे. गिरगावातल्या त्या संस्थानात दीड खोली होती आणि सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहावं लागे, हे मी इकडे कुणाला सांगितलं नव्हतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. पहिल्याच पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून एक गांडूळ वर आलं. मी मिठाची बरणी घेऊन स्टुलावर चढले. गांडूळ हा शब्द मी तेव्हा उच्चारत नसे. त्याची सुरुवात मला अशिष्ट वाटे. म्हणून मी "प्राणी, प्राणी" असा घोष लावला होता. सासूबाईंना वाटलं मांजर शिरलं, त्या दूध झाकायला धावल्या.

समोरच्या दारातून एक ठेंगणी बाई आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हनुवटीवर गोंदलेला ठिपका, आणि हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. तिनं आधी माझ्या हातातली बरणी काढून घेतली. मग वाकून ते गांडूळ तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं झाकलं, देवळातून प्रसाद आणावा तसं.

"मीठ टाकतंस?" ती म्हणाली. "घाबरलाय तो. तुज्याकडं बगून."

ही चांगुणामावशी. आमची बिल्डिंग उभी होती ते तिच्या सासरचं शेत. बिल्डरनं त्या बदल्यात तिला तळमजल्यावर फ्लॅट दिला, आणि मागच्या भिंतीलगतची एक लांबट पट्टी तिनं तोंडी मागून घेतली. बिल्डर हो म्हणाला. कागदावर मात्र ती पट्टी सोसायटीचीच राहिली, आणि ही गोष्ट मावशी सोडून सगळ्यांना माहीत होती. तिलाही माहीत असावी. पण ती त्या पट्टीला "माजा शेत" म्हणायची, आणि तिच्यासमोर ते दुरुस्त करायची कुणाची छाती नव्हती.

शेत म्हणण्यासारखं त्यात सुरुवातीला काही नव्हतं. खाली खाडीकडची खारी जमीन, वर बिल्डरनं टाकलेलं राबिट, म्हणजे विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. शेवग्याची काडी लावली तर तीसुद्धा उभ्या उभ्या वाळली. मावशी लहानपणी मिठागरात कामाला होती. मीठ काय करतं ते माझ्या टाचांना विचार, असं ती म्हणायची, आणि टाचा दाखवायलाही कमी करत नसे. त्या पट्टीवर तिनं पहिले काही पावसाळे काहीच पेरलं नाही. राबिट वेचून काढलं, पावसाला मीठ धुऊ दिलं, वर भाताचा पेंढा आणि तबेल्यातलं शेण पसरलं. मग एक दिवस ती राई गावाला, माहेरी गेली आणि शेणामातीनं भरलेला तेलाचा डबा डोक्यावर घेऊन परत आली. त्यात तिच्या भावाच्या शेतातली गांडुळं होती. सासरच्या जमिनीला माहेरचा रुखवत आणलाय, असं तिनं जाहीर केलं. मी नाकाला पदर लावून बघत होते.

पुढं काय झालं ते मी रोज खिडकीतून पाहत होते, कारण मला बघायचं नाही असं दाखवण्यात माझी संध्याकाळ जायची. दगडासारखी पट्टी हळूहळू पावासारखी झाली. वर चहाच्या भुकटीसारखे बारीक बारीक ढीग दिसायला लागले. मावशी पाहुण्यांना हाताला धरून ते दाखवायला न्यायची. ती गांडुळांची शी आहे आणि त्याच्यासारखं खत जगात नाही, हे ती पाहुण्यांनी चहाचा कप तोंडाला लावला की सांगायची. मग तिथं मुळा आला, लाल माठ आला, भेंडी आली, भिंतीवर पडवळ चढलं, कडेला आळू पसरलं. पांढरं खत तिनं पट्टीत येऊ दिलं नाही. जावयानं एकदा हौसेनं पुडी आणली होती. तिनं ती हुंगली, "याचा बाप मीठच हाय," म्हणाली आणि त्याच्याच खिशात परत घातली.

एकदा मात्र मी तिला पकडलं. गांडूळ मधोमध तोडलं की त्याची दोन होतात, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची. मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि तिला वाचून दाखवलं की तसं काही होत नाही, बहुतेकदा ते मरतंच. फोर्टातल्या माणसाला शोभेल अशा आवाजात वाचलं. ती म्हणाली, तुझं पुस्तक मिठागरात बसून लिहिलंय. आणि उठून गेली. पण दुसऱ्या दिवसापासून खुरपं भिंतीला टेकलेलं राहिलं. ती बोटांनी माती मोकळी करायला लागली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, मूठ सैल झालीय खुरप्याची. ती मूठ शेवटपर्यंत सैलच राहिली.

गांडुळांना खायला लागे म्हणून मावशी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या घरांचा ओला कचरा गोळा करायची. चहाचा चोथा, भाजीची देठं, केळीच्या साली. लिंबू नको, मिरची नको, लोणच्याचा खार तर मुळीच नको. पायरीवर बसून ती एकेक पिशवी निवडायची, आणि त्यामुळं बिल्डिंगमधल्या कुठल्या घरात काय शिजतं हे बिल्डिंगमधल्या कुठल्याही बाईपेक्षा तिला जास्त माहीत होतं. पण ती बोलत नसे. म्हणायची, पोटातलं पोटात ठेवायचं, हे गांडुळाकडून शिकले.

आमच्या घरचा श्रावण मोठा कडक, असं मी चार लोकांत सांगत असे. सासूबाई जपमाळ घेऊन बसायच्या आणि मी त्यांच्याकडं बोट दाखवून सांगायची की आमच्याकडं कांदासुद्धा चिरला जात नाही. एका श्रावणात मी मावशीला हेच ऐकवत होते. ती मुळ्याची जुडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "तुज्या घरचा श्रावण माज्या गांडुलांना लय मानवलाय गो." मला वाटलं, पुण्याईबद्दल बोलतेय. मी नम्रपणे मान झुकवली. मग तिनं पेंढा बाजूला केला. खाली चुरलेली अंड्यांची टरफलं होती, पांढरीशुभ्र. मी कचेरीत गेले की सासूबाई हाफ फ्राय करून खायच्या. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मोगऱ्याचं निर्माल्य ठेवून मावशीच्या पिशवीत टाकायच्या. मावशीला हे कैक श्रावण माहीत होतं.

"सासूला बोलू नको," ती म्हणाली. "टरफलांनी भेंडी गोड होतेय."

मी बोलले नाही. त्या श्रावणात भेंडी खरंच छान होती, आणि सासूबाई जपमाळेआडून ती दोनदा वाढून घ्यायच्या.

आता शांतिभाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. शांतिभाई आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. भाईंदरमध्ये स्टीलच्या डब्यांचा गाळा, जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, आणि जिन्यात मुंगी दिसली तर पाऊल लांब टाकणारे. एका मे महिन्यात पाण्याचा पंप बिघडला तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता, नोटीस न लावता, स्वतःच्या गाळ्यातला माणूस आणून तो दुरुस्त करून घेतला. मावशीला हे कळलं. ती भर कंपाउंडमध्ये, सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाली, "शांतिभाय, तुमी गांडूल हाव. खरा गांडूल."

शांतिभाई पांढरे पडले. ते मराठी समजायचे, पण इतकं नाही. आणि त्या शब्दातलं शेवटचं अक्षर गाळलं की जे उरतं ते आपल्याकडं रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना न शिकवता येतं. त्यांच्याकडून ओल्या कचऱ्याची पिशवी यायची बंद झाली. सेक्रेटरीकडं तक्रार गेली की एका ज्येष्ठ महिला सभासदानं अध्यक्षांना घाण शिवी दिली. समजूत काढायला म्हणून मला पाठवलं. का, तर मी शिकलेली, फोर्टवाली, चार भाषांत वावरणारी.

त्या चार भाषांपैकी एकीतही मला गांडुळाला काय म्हणतात ते येत नव्हतं. मी शांतिभाईंच्या सोफ्यावर टोकाला बसून "वो एक जीव होता है, जमीन में" अशी सुरुवात केली. त्यांनी विचारलं, सांप? मी म्हटलं, छोटा. मग शब्द संपले म्हणून मी करंगळी वळवळवून दाखवली. शांतिभाईंच्या मिसेस उठून आत गेल्या. माझी करंगळी हवेत तशीच राहिली. तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या आई, म्हाताऱ्या बा, काठी टेकत आल्या आणि माझ्या बोटाकडं बघून म्हणाल्या, "अळसियुं." सौराष्ट्रात त्यांच्या वडिलांची शेती होती. त्यांनी मुलाला गुजरातीत बरंच काही सुनावलं. मला एवढंच कळलं की ज्याला गांडूळ म्हटलं त्यानं पाया पडायचं, तक्रार नाही करायची. दुसऱ्या दिवशी शांतिभाई स्वतः पिशवी घेऊन खाली आले. मावशीनं ती उघडून बघितली, दुधीची सालं आहेत म्हणाली, चांगली आहेत. झालं, मिटलं.

खरी कसोटी पुढं आली. सोसायटीत गाड्या वाढल्या. मागच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं असं ठरायला लागलं. मावशीकडं कागद नव्हता. बहुतेक सगळ्यांच्या गाड्या होत्या, खुद्द शांतिभाईंनीही नुकतीच घेतली होती. सभेत हात वर झाले की आपलं शेत संपलं, हे मावशीला कळत होतं. त्या आठवड्यात ती कचरा निवडता निवडता मधेच थांबायची. केळीची साल हातात घेऊन बसून राहायची.

मी ठरवलं, आपणच लढायचं. शुद्ध मराठीत भाषण तयार केलं. 'पर्यावरणपूरक' हा शब्द त्यात इतक्या वेळा होता की म्हणताना जीभ अडखळायची. सभेत मी उभी राहिले, पहिला 'पर्यावरणपूरक' बाहेर पडला, आणि सेक्रेटरीनं हात वर केला. मला वाटलं मुद्दा मांडतोय. त्यानं पंखा वाढवायला सांगितला. मी दुसऱ्या पानावर गेले तेव्हा पहिल्या रांगेतले दोघं पार्किंगचे नंबर वाटून घेत होते. पुढच्या लाद्यांवर पाणी तुंबतं आणि मागच्या पट्टीत थेंब साचत नाही, कारण गांडुळांनी खाली बिळं करून ठेवलीत, एवढा एक कामाचा मुद्दा माझ्याकडं होता. तो मी शेवटच्या पानावर ठेवला होता. त्या पानापर्यंत मला कुणी पोचूच दिलं नाही.

मग मावशी उठली. हातात स्टीलचा डबा होता, शांतिभाईंच्याच गाळ्यातला. तो तिनं त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत ओली माती, आणि मातीत जिवंत वळवळ. पहिली रांग खुर्च्यांसकट मागं सरकली.

"शांतिभाय, फरशी टाका. माजा काय न्हाय," ती म्हणाली. "पन आदी यांना भायेर कारा. एकेक. एक पन मरता कामा नये. कुदल लावाची न्हाय, मीठ टाकाचा न्हाय. मंग टाका फरशी."

शांतिभाई डब्याकडं बघत राहिले. एक गांडूळ काठावर चढून कागदपत्रांच्या दिशेनं निघालं होतं. त्यांनी पेनाच्या टोकानं नाही, बोटानं त्याला अलगद आत ढकललं. मग ते म्हणाले, "ये अपने से नहीं होगा. मेरी गाडी बाहर रहेगी." अध्यक्षांचीच गाडी बाहेर म्हटल्यावर बाकीच्यांचे हात अर्ध्यावरून खाली आले. त्यानंतर कित्येक वर्षं शांतिभाईंची गाडी रस्त्यावर उभी राहिली आणि तिच्यावर कावळे शिटत राहिले.

त्या संध्याकाळी मी अभिनंदन करायला गेले. जीवदयेवर सबंध सभा गप्प करून आलेली ही बाई पाटावर बसून सुका जवळा परतत होती. मी तव्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. "तो खाडीतला हाय," ती म्हणाली. "माज्या शेतातला न्हाय." मी तिला विचारलं, आता तरी मला गांडूळ म्हणशील का, मी भाषण केलं तुझ्यासाठी. तिनं सांडशी खाली ठेवून माझं निरीक्षण केलं. म्हणाली, तू कोंबडी आहेस. अंडं घालायच्या आधीच ओरडतेस.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. सासूबाई केव्हाच गेल्या, मला नात झाली, मावशीच्या हनुवटीवरचा ठिपका सुरकुत्यांत शोधावा लागायला लागला. बिल्डिंगही म्हातारी झाली. जिन्यातलं प्लास्टर पडायला लागलं, सळया दिसायला लागल्या, आणि पुनर्विकासाचे कागद आले. सगळं पाडणार, पट्टीसकट. मी पुन्हा पदर खोचला. म्हटलं, मावशी, सही करू नको, आपण लढू. ती सही करून आली होती.

माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तुज्या टकुऱ्यावर स्लॅब परला तर काय तुजा खत करू?"

पण त्या दिवशी ती पायरीवर बसली ती उठेना. पडवळाचा वेल हातात घेऊन सोडून देत राहिली. बिल्डिंग नवी होईल, तिला फ्लॅटही मिळेल, सातव्या की आठव्या मजल्यावर. तिथं गांडूळ कुठं ठेवणार? शेवटी तिनं ठरवलं, राईला जायचं. भावाची जागा पडीक पडलीय, तिथं भाचे गाड्या धुतात. त्यांना उठवीन म्हणाली. आणि गांडुळांनाही तिथंच न्यायचं, सगळ्यांना.

'सगळ्यांना' हा शब्द ऐकून शांतिभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी गाळ्यातून मोठे टोप आणले, झाकणांना बारीक भोकं पाडून. मग रोज सकाळी आमचं काम सुरू. पट्टीवर ओली गोणपाटं अंथरायची, खाली शेण आणि कलिंगडाच्या साली ठेवायच्या. गांडुळं खायला वर आली की हातानं उचलून टोपात. माझे गुडघे गेलेले, म्हणून मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून वेचायची. त्याच घराण्यातलं स्टूल, ज्यावर मी एके काळी बरणी घेऊन उभी होते. नातीनं मला हातमोजे आणून दिले होते. पहिल्या दिवशी घातले, दुसऱ्या दिवशी विसरले, मग शोधलेच नाहीत. मावशी शेजारी बसून वेचायची आणि मी किती हळू वेचते यावर बोलायची. शांतिभाई रिकामी दिसणारी गोणपाटंसुद्धा पुन्हा उचलून बघायला लावायचे.

जायच्या सकाळी रिक्षा दारात आली. टोप मागं सीटवर रचले, मधे मावशी बसली, एक टोप मांडीवर. रिक्षावाल्यानं विचारलं, माताजी, इसमें क्या है? ती म्हणाली, सासरची माणसं आहेत, माहेरी नेतेय. त्याला मराठी येत नसावं, कारण त्यानं नुसती मान हलवली.

मला रडू येईल अशी भीती वाटली म्हणून मी तोंड धुवायला घरात गेले. मोरीत जाळीपाशी एक गांडूळ होतं. लांब, ओलं, वाट चुकलेलं. मी वाकले, म्हणजे भिंत धरून जेवढं वाकता येतं तेवढं. ते तळहातावर घेतलं, दुसऱ्या हातानं झाकलं आणि जशी होते तशी, चपला न घालता बाहेर धावले. धावले हे माझं मत. नात म्हणते, तू डुलत गेलीस.

"मावशी, थांब गो," मी म्हटलं. "एक गांडूळ राहिलं."

रिक्षा सुरू झाली होती, ती थांबली. मावशीनं मांडीवरच्या टोपाचं झाकण किलकिलं केलं. मी माझी ओंजळ आत रिकामी केली. तिनं एकदा माझ्या हातांकडं बघितलं, एकदा माझ्या अनवाणी पायांकडं. मग झाकण लावलं. रिक्षा पुढं गेली, आणि गेटपाशी तिनं बाजूनं डोकं बाहेर काढून, अख्ख्या गोडदेवला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "फोर्टवाले, गांडूल झालीस गो. खरा गांडूल."

झाकणं खडखडवत रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. शांतिभाईंनी माझ्याकडं बघून हात जोडले. गेटवरचा नवा वॉचमन, उत्तरेकडून नुकताच आलेला, दोन पावलं पुढं आला आणि दबक्या आवाजात त्यानं मला विचारलं, "माताजी, झगड़ा हो गया क्या?"

मी म्हटलं, "नहीं भैया. सत्कार हुआ."